क्लबचा खेळाडू आणि शाळेचा संघ

शाळांचे सामने चालू असले की मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या मंडळींत एक वाद हमखास रंगतो. एकजण म्हणतो, "त्या शाळेचं काय सांगता? त्यांची निम्मी पोरं बाहेरच्या मंडळाकडून वर्षभर खेळतात. आपल्या पोरांचा त्यांच्यापुढे कसा निभाव लागायचा?" दुसरा म्हणतो, "बाहेर खेळून काय होतं? तिथं शिकलेला पोरगा शाळेच्या संघात आला की कोणाचं ऐकत नाही. चेंडू मिळाला की एकटाच पळतो." दोघांचेही म्हणणे अनुभवातून आलेले असते, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाही.

हा वाद कबड्डीचा असो, खोखोचा असो की फुटबॉलचा, त्याचे मूळ एकच. पण तो सर्वांत जास्त गाजला आहे तो अमेरिकेत, आणि तेथेही बास्केटबॉलच्या खेळात. तेव्हा आज आपण तेथेच जाऊ आणि क्लबमध्ये खेळलेल्या मुलांमुळे हायस्कूलचा संघ खरोखर जिंकतो का, हे पाहू. गुरुजींना या प्रश्नाचा उपयोग आहेच, पण ज्यांचा मुलगा अगर मुलगी खेळात चमकू लागली आहे त्या आईबापांनाही आहे. कारण मूल एकदा त्या वाटेला लागले की त्याचा वेळ, घरचा पैसा आणि त्याचे वाढते अंग या तिन्ही गोष्टी पणाला लागतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू. मैदानाच्या दोन टोकांना उंच खांबावर फळी आणि फळीला लोखंडी कडे. चेंडू हातानेच खेळायचा, जमिनीवर टप्पे देत न्यायचा, सोबत्याला द्यायचा आणि वरून कड्यात टाकायचा. १८९१ सालच्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड गावी वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने हा खेळ तयार केला. थंडीच्या दिवसांत मुलांना बाहेर खेळता येईना, तेव्हा व्यायामशाळेच्या सज्जाला त्याने पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फूट उंच होता, म्हणून कड्याची उंची आजही दहा फूटच आहे! वर्गात अठरा मुले होती, म्हणून पहिला सामना नऊ विरुद्ध नऊ असा झाला. एका मास्तराने वर्गातील वांड मुलांना गुंतवून ठेवण्यासाठी काढलेली ही युक्ती आज जगभर खेळली जाते, हे आपल्या गुरुजींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता अमेरिकेतील व्यवस्था कशी आहे ती पाहू. तेथे नववी ते बारावीच्या शाळेला हायस्कूल म्हणतात. बहुतेक राज्यांत हायस्कूलचा बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि मार्चमध्ये राज्याच्या अंतिम स्पर्धेने संपतो. या दिवसांत मुलांचा सराव शाळेत, शाळेच्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, जवळजवळ रोज होतो. हंगाम संपला की क्लबांची पाळी येते. यांपैकी कित्येक क्लब ए. ए. यू. या संस्थेच्या नावाने ओळखले जातात. ही हौशी खेळाडूंची संस्था १८८८ साली, म्हणजे बास्केटबॉलच्याही आधी निघाली. हे क्लब गावोगावची आणि निरनिराळ्या शाळांची निवडक मुले एकत्र करतात आणि वसंतात व उन्हाळ्यात शनिवार-रविवारी दूरदूरच्या शहरी स्पर्धांना नेतात. एकेका स्पर्धेत दोन दिवसांत चार-पाच सामनेसुद्धा होतात. कॉलेजांचे प्रशिक्षक तेथे मुले हेरायला येतात. त्यामुळे चांगल्या खेळाडूला हा उन्हाळा चुकवून चालत नाही.

म्हणजे एकाच मुलाला वर्षातून दोन घरे, दोन गुरू. प्रश्न असा, की उन्हाळ्यातल्या घरी मिळविलेले हिवाळ्यातल्या घरी उपयोगी पडते की नाही?

वरवर पाहिले तर उत्तर सोपे दिसते. ज्या हायस्कुलात क्लबचे खेळाडू जास्त, ती हायस्कुले पुष्कळदा जिंकतात. पण येथेच थांबा. समजा, एका शेतकऱ्याकडे दोन शेते आहेत, एक काळ्या कसदार जमिनीचे आणि दुसरे मुरमाड. त्याने शेणखताच्या साऱ्या गाड्या काळ्या रानात टाकल्या. सुगीला काळ्या रानात पीक उदंड आले आणि मुरमाडात बेताचेच आले. आता तो म्हणू लागला की, हे सारे खताने झाले, तर तुम्ही त्याला हसाल. खताचा हात असेलही, पण जमीन मुळातच चांगली होती त्याचे काय? क्लबांचेही असेच आहे. क्लब सरसकट सर्वांना घेत नाहीत. जो उंच आहे, चपळ आहे, ज्याला खेळाचे वेड आहे, ज्याचे आईबाप मोटारीने नेआण करू शकतात, त्यालाच ते उचलतात. असा मुलगा क्लबात गेला नसता तरीही शाळेच्या संघात चमकला असता. तेव्हा नुसती क्लबच्या मुलांची डोकी मोजून काही सिद्ध होत नाही. घडलेली एखादी हकीगत नीट उलगडून पाहावी लागते.

अशी एक हकीगत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहराची आहे. टायरच्या कारखान्यांसाठी एकेकाळी नावाजलेले हे गाव. ड्रू जॉइस नावाच्या एका गृहस्थांनी आपल्या मुलासाठी आणि त्याच्या सोबत्यांसाठी तेथे 'शूटिंग स्टार्स' नावाचा क्लब चालविला. मुले दहा-अकरा वर्षांची. सुरुवातीचा सराव साल्व्हेशन आर्मीच्या एका लहानशा जागेत चाले. मैदान पुऱ्या मापाचे नव्हते आणि खाली लाकडी फळ्यांऐवजी लिनोलियम अंथरलेले. या मुलांत चौघांची दोस्ती घट्ट जमली. एक जॉइस यांचा स्वतःचा मुलगा, तोही ड्रू, अंगाने अगदी ठेंगणा. दुसरा सायन कॉटन, तिसरा विली मगी आणि चौथा लेब्रॉन जेम्स. हा चौथा पुढे जगप्रसिद्ध खेळाडू झाला, पण त्या वेळी तो घर ना दार अशा अवस्थेत वाढलेला, एकट्या आईचा मुलगा होता. क्लबची मुले जॉइस यांच्या गाडीतून गावोगावी स्पर्धांना जात. १९९९ च्या उन्हाळ्यात ही मुले आपल्या वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचली आणि कॅलिफोर्नियाच्या संघाकडून अवघ्या दोन गुणांनी हरली.

त्यानंतर हायस्कूल निवडावयाची वेळ आली. गावात सगळ्यांनी गृहीत धरले होते की, ही मुले बक्टेल या सरकारी हायस्कुलात जाणार. पण ठेंगण्या ड्रूला वाटले की, तेथे आपली उंची पाहून आपल्याला मोठ्या संघात घेणार नाहीत. त्याने दुसरी शाळा निवडली, सेंट व्हिन्सेंट-सेंट मेरी. आणि चौघांनी ठरविले की, जायचे तर एकत्रच. गावात नाराजी झाली, पण मुले हटली नाहीत. पहिल्याच हंगामात, २००० साली, या शाळेने सत्तावीस सामने खेळून सत्तावीस जिंकले आणि राज्याचे अजिंक्यपद मिळविले. २००१ साली पुन्हा तेच पद. २००३ साली पुन्हा. चार वर्षांत तीनदा.

आता तुम्ही म्हणाल, झाले की सिद्ध! क्लबमुळेच शाळा जिंकली. पण या हकीगतीत दोन गाठी आहेत, त्या सोडवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पहिली गाठ अशी. पहिल्या दोन वर्षी शाळेचा प्रशिक्षक कीथ डँब्रॉट हा होता. तो पूर्वी कॉलेजच्या संघाचा प्रशिक्षक राहिलेला होता, आणि अतिशय कडक. क्लबात लाडावलेल्या मुलांना त्याने पहिल्या दिवसापासून धारेवर धरले. तुम्ही राष्ट्रीय स्पर्धेत खेळून आलात ना, मग पायांची ठेवण का चुकते, बचावाला कोण मागे पळणार, असा त्याचा खाक्या. मुलांना तो आधी आवडला नाही. पण त्याच्या हाताखाली ती दोन्ही वर्षे जिंकली. पुढे तो कॉलेजात निघून गेला आणि त्याच्या जागी कोण आले? स्वतः ड्रू जॉइस, म्हणजे मुलांचे क्लबातील गुरू. ज्यांनी त्यांना लहानपणापासून घडविले तेच! आता तर क्लब आणि शाळा यांत अंतरच उरले नाही. आणि नेमक्या त्याच वर्षी, २००२ साली, हा संघ अंतिम सामन्यात सिनसिनाटीच्या रॉजर बेकन शाळेकडून हरला. तोपर्यंत लेब्रॉनचे नाव देशभर झाले होते, साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्याचे चित्र आले होते, आणि आपण हरूच शकत नाही अशी हवा मुलांच्या डोक्यात शिरली होती. समोरच्या संघात कोणी तारा नव्हता. पाचजण मात्र होते. पुढच्या वर्षी तीच मुले, तेच गुरू, पण मान खाली घालून सराव केला आणि पद परत मिळविले. म्हणजे क्लबचा अनुभव चारही वर्षे तोच होता. फळ मात्र सारखे मिळाले नाही.

दुसरी गाठ जास्त महत्त्वाची. ही चारही मुले एकाच क्लबातून एकाच शाळेत गेली. साधारणतः असे होत नाही. साधारणतः एका क्लबातील दहा मुले दहा शाळांत पांगतात, आणि एका शाळेच्या संघात चार क्लबांची चार मुले येतात. अ‍ॅक्रनच्या मुलांनी क्लबातून शाळेत नेले ते काय? टप्पे देण्याचे, नेम धरण्याचे कसब नेलेच. पण त्याहून मोलाचे म्हणजे एकमेकांची पारख नेली. सायन कोठे उभा असेल हे ड्रूला मान न वळविता कळे. ही गोष्ट एका उन्हाळ्यात येत नाही. ती पाच वर्षांची मिळकत होती.

मला वाटते, या प्रश्नाची किल्ली येथेच आहे. ती पडताळून पाहण्यासाठी आता आपण अर्धे शतक मागे, शेजारच्या इंडियाना राज्यात जाऊ. ही हकीगत खेड्यातील श्रोत्यांना विशेष आवडेल.

इंडियाना म्हणजे मक्याच्या शेतांचा प्रदेश, आणि बास्केटबॉलचे वेड असे की विचारू नका. तेथे १९११ सालापासून हायस्कुलांची राज्यस्पर्धा चालत आली आहे, आणि १९९७ पर्यंत ती लहानमोठ्या सर्व शाळांसाठी एकच होती. शंभर मुलांची शाळा आणि दोन हजार मुलांची शाळा एकाच फडात उतरत. त्या राज्यात मायलन नावाचे एक लहान गाव आहे. तेथील हायस्कुलात १९५४ साली सगळे मिळून विद्यार्थी होते १६१. या शाळेने त्या वर्षी राज्याचे अजिंक्यपद जिंकले! अंतिम सामना होता मन्सी सेंट्रल या दहापट मोठ्या शाळेशी. शेवटच्या डावात दोन गुणांनी मागे असताना बॉबी प्लंप हा मायलनचा मुलगा चेंडू हातात धरून चार मिनिटांहून अधिक काळ नुसता उभा राहिला. चेंडू किती वेळ धरावा याला त्या काळी तेथे बंधन नव्हते. हजारो प्रेक्षक श्वास रोखून पाहत होते. पुढे बरोबरी झाली, आणि अगदी शेवटच्या क्षणी प्लंपनेच चेंडू कड्यात टाकला. ३२ विरुद्ध ३०.

या मुलांना कोणता क्लब होता? कोणताच नाही. प्लंप आणि त्याचे दोन-तीन संघसोबती मायलनजवळच्या पियर्सव्हिल नावाच्या चिमुकल्या वाडीतले. घरामागे आणि गोठ्याजवळ लावलेल्या कड्यावर ती पोरे शाळेत जायच्या वयापासून एकत्र खेळत आलेली. आणि आदल्याच वर्षी, १९५३ साली, हा संघ राज्याच्या शेवटच्या चार संघांत पोचून हरला होता. मार्विन वुड या तरुण प्रशिक्षकाला मुले बरीचशी तीच मिळाली, हार पचविलेली मिळाली. अ‍ॅक्रनच्या मुलांना क्लबने जे दिले, ते मायलनच्या मुलांना वाडीतल्या कड्याने दिले.

त्याच स्पर्धेत मायलनने इंडियानापोलिस शहरातील क्रिस्पस अ‍ॅटक्स या शाळेला हरविले होते. ही काळ्या मुलांसाठी वेगळी काढलेली शाळा. तिच्या संघात ऑस्कर रॉबर्टसन नावाचा एक मुलगा होता. त्याच्या घरी इतकी गरिबी की, लहानपणी चेंडू घ्यायला पैसे नव्हते, म्हणून चिंध्यांचा गोळा रबराने बांधून तो घरामागच्या फळांच्या टोपलीत टाकण्याचा सराव करी. वस्तीजवळ एक उघडे मैदान होते. तेथे एवढी धूळ उडे की लोक त्याला 'डस्ट बोल', म्हणजे धुळीचे भांडेच म्हणत. थोरांच्या खेळात शिरायचे तर आधी कडेला उभे राहून वाट पाहायची, आणि आत गेल्यावर हरले की पुन्हा बाहेर. अशा ठिकाणी चूक करून भागत नाही. रॉबर्टसन तेथे तयार झाला. रे क्रो या प्रशिक्षकाच्या हाताखाली अ‍ॅटक्सने १९५५ साली राज्याचे अजिंक्यपद जिंकले. असे पद मिळविणारी ती इंडियानातील काळ्या मुलांची पहिलीच शाळा. १९५६ साली तर एकही सामना न गमावता ते पद राखले. तेथेही क्लबची वर्गणी नव्हती, गणवेश नव्हता. पण रोजचा खेळ होता, आपल्यापेक्षा वरचढ गडी होते, आणि शाळेत वाट पाहणारा चांगला गुरू होता.

या तिन्ही हकीगती शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे क्लबमधून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा उलगडा होऊ लागतो. अनोळखी मैदानावर, अनोळखी पंचापुढे, शिट्ट्या आणि आरडाओरडा चालू असताना हात न थरथरणे, हे पुष्कळ सामने खेळल्याशिवाय येत नाही, आणि शाळेच्या हंगामात तेवढे सामने मिळत नाहीत. जो मुलगा उन्हाळ्यात पन्नास सामने खेळून आला, त्याला शाळेच्या सामन्यात शेवटचे मिनिट आले म्हणून घाम फुटत नाही. आपल्या तालुक्यात जो सर्वांत भारी, तो बाहेर गेल्यावर किती पाण्यात आहे हेही त्याला क्लबातच कळते. हे मोठे शिक्षण आहे. शाळेच्या प्रशिक्षकाला असा एक मुलगा मिळाला तरी तो इतरांचा धीर होतो.

पण बास्केटबॉल हा पाचांचा खेळ आहे. पाचांची चाल, पाचांचा बचाव, कोणी पुढे जायचे आणि कोणी मागे राहायचे, हे बसवायला रोजचा सराव लागतो. क्लबची मुले दूरदूरच्या गावांहून येतात, सामन्याच्या दिवशी भेटतात आणि खेळून पांगतात. सराव थोडा, सामने फार. त्यात कॉलेजचे लोक पाहायला बसलेले. अशा वेळी सोबत्याला चेंडू देणाऱ्याचे नाव कोण लिहून घेणार? म्हणून मुलगा स्वतःच टाकायला पाहतो. ही खोड घेऊन तो शाळेत आला की, मैदानाकडेला उभ्या असलेल्या आपल्या त्या दुसऱ्या गृहस्थांचे म्हणणे खरे ठरते.

अमेरिकेतील या क्लबांवर मोठ्या खेळाडूंनीही टीका केली आहे. कोबी ब्रायंटचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्याचे बालपण इटलीत गेले, कारण त्याचे वडील तेथे खेळत. १९९६ साली त्याने फिलाडेल्फियाजवळच्या आपल्या हायस्कूलला राज्याचे अजिंक्यपद मिळवून दिले. २०१५ साली त्याने उघड सांगितले की, अमेरिकेतील हे उन्हाळी क्लब मुलांना खेळाचा पाया शिकवीत नाहीत, आणि युरोपातील मुले त्या मानाने अधिक तयार असतात. आता गंमत पाहा. युरोपात शाळांच्या संघांना फारसे महत्त्व नाही. तेथे सारा खेळ क्लबांतच चालतो. लुका डोंचिच हा स्लोव्हेनियाचा मुलगा २०१२ साली तेराव्या वर्षी रेआल माद्रिद या स्पेनच्या क्लबात गेला, तेथेच राहिला, शिकला, आणि सोळाव्या वर्षी त्यांच्या मोठ्या संघातून खेळला. म्हणजे ब्रायंटची तक्रार 'क्लब' या शब्दाविरुद्ध नव्हती. सरावाविना सामने खेळविणाऱ्या क्लबाविरुद्ध होती. नाव एकच, पण एक क्लब म्हणजे रोजची तालीम आणि दुसरा म्हणजे जत्रेतला फड. फडातही पैलवान घडतो, नाही असे नाही, पण ज्याने आधी तालमीत माती खाल्ली आहे तोच.

आता पैशाचे. क्लबला वर्गणी असते, प्रवास असतो, मुक्काम असतो. ज्या क्लबात नामांकित मुले आहेत त्यांचा खर्च बूट बनविणाऱ्या कंपन्या उचलतात, बाकीच्यांचा आईबाप. या पैशाबरोबर घाणही आली. २०१७ साली न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी कॉलेजचे सहायक प्रशिक्षक, बूट कंपनीची माणसे आणि दलाल अशा दहाजणांवर मुलांच्या निवडीत पैसे चारल्याबद्दल खटले भरले. हायस्कुलातल्या पोराभोवती दलाल घिरट्या घालू लागले, तर शाळेच्या प्रशिक्षकाचे त्याच्यापुढे काय चालणार? आणि ज्याच्या बापाकडे वर्गणी नाही, तो मुलगा पाहिलाच जात नाही, हे दुःख वेगळेच. रॉबर्टसनसारखा मुलगा आज अशा व्यवस्थेत कोणाच्या नजरेस पडेल का, याची मला शंका वाटते.

यापेक्षाही काळजी करण्यासारखी गोष्ट म्हणजे मुलाचे शरीर. हिवाळाभर शाळा, उन्हाळाभर क्लब, आणि खेळ एकच. तेच गुडघे, तेच घोटे, त्याच उड्या. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली सल्ला दिला की, मुलाला साधारणतः पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नये, आठवड्यातून एक-दोन दिवस खेळापासून सुट्टी द्यावी, आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळातून मोकळे ठेवावे. हे तीन महिने सलग नसले तरी चालतात. एकेक महिना करून दिले तरी पुरे. त्याच वर्षी अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेनेही आईबापांना असेच सांगितले की, निदान चौदा वर्षांपर्यंत तरी मुलांना दुसरे खेळ खेळू द्या. दरसाल तेच पीक घेतले की जमीन कशी थकते, हे तुम्हांला मी सांगायला नको. मुलाचा गुडघा दुखतो म्हणजे तो आळशी झाला, असे मात्र कोणी समजू नये.

आपल्याकडे ही व्यवस्था अगदी नवी आहे असे नाही. मुंबईत नागपाडा हा भाग बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध आहे. गल्लीतली मुले तेथील मैदानावर थोरांच्या सोबत खेळत वाढली आणि त्यांतून देशाकडून खेळणारे गडी निघाले. १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळविलेले अब्बास मुंतसिर हे त्यांपैकीच. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांच्या तालमींच्या नावाने खेळतात, आणि पेठेतला पोरगा शाळेच्या संघात येतो तो तालमीचा वारा अंगात घेऊनच. जाता जाता सांगतो, १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलला प्रथम स्थान मिळाले, तेव्हा म्हातारे नेस्मिथ ते पाहायला हजर होते, आणि त्याच वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे खेळाडू तेथे आपले देशी खेळ दाखवीत होते.

तेव्हा गुरुजी, तुमच्या शाळेतला एखादा मुलगा बाहेरच्या मंडळाकडून खेळत असेल, तर त्याला अडवू नका. फक्त त्या मंडळात आठवड्यातून सराव किती दिवस आणि सामने किती, एवढे विचारून घ्या. सराव तीन दिवस आणि सामना एक, असे असेल तर निर्धास्त राहा. उलटे असेल तर पाया तुम्हांलाच घालावा लागेल. त्या मंडळाच्या मार्गदर्शकाला एकदा जाऊन भेटा. मुलाला दोघांनी दोन तऱ्हा शिकविल्या तर तो दोन्हीकडे अडखळतो. आणि परत आल्यावर त्याला संघातल्या सर्वांत कच्च्या मुलाच्या जोडीला द्या. तो जे शिकून आला आहे ते दुसऱ्याला शिकवू लागला म्हणजे त्याचा एकटेपणाचा खेळही आपोआप सुटतो.

मंडळच नसेल तर? मग मायलनची वाडी आठवा. आठवीतली सात-आठ मुले निवडा आणि ती दहावीपर्यंत एकत्र राहतील असे पाहा. दरसाल नवा संघ उभारण्यापेक्षा एकच संघ तीन वर्षे वाढविणे अधिक फळते. सुट्टीत शाळेच्या फाटकाला कुलूप घालू नका. गावातले मोठे खेळाडू संध्याकाळी येत असतील तर येऊ द्या, आणि लहानांना त्यांच्यात खेळू द्या, मग ती हरली तरी चालेल. मुलींचा संघही याच वेळी, याच मैदानावर सुरू करता येतो. त्यासाठी वेगळे काही लागत नाही.

साहित्य म्हणाल तर दोन खांब, दोन फळ्या आणि दोन कडी. लोहाराकडून कडे करून घ्याल तर आतला व्यास अठरा इंच ठेवा. बारा वर्षे आणि त्यावरील मुलांसाठी ते जमिनीपासून दहा फुटांवर लावायचे. नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांना नऊ फूट पुरे, आणि त्याहून लहानांना आठ फूट. खांबाला तीन उंचींवर भोके पाडून ठेवली म्हणजे तेच कडे खालीवर करता येते. लहान मुलांना चेंडू पाच नंबरचा द्यावा, मोठ्या मुलींना सहाचा आणि मोठ्या मुलांना सातचा.